हलगेकर, पाहा

पितळी सळई उपसली की खण मोकळा होतो.
दड्डीकर सरांची पत्रकं, निळी शाई,
भोकाभोवतीचा कागद हाताळून मऊ झालेला.
खानापुरात, तालुक्याच्या वाचनालयात,
मी रोज चाळीस पत्रकं संगणकात घालते.
पगार पत्रकांवर नाही, महिन्यावर आहे;
तो महिन्याला येत नाही ते वेगळं.

संगणकाला एका माणसाचं एकच नाव हवं असतं.
शंभर आकड्याच्या ओळीत ते एक,
आणि चारशेच्या ओळींत बाकीची सगळी,
ज्यांच्यापुढे सरांनी आयुष्यभर
एकच शब्द लिहिला : पाहा.

परवा ह-च्या खणात
हलगेकर, बाबाजी रामा.
कौलाच्या मातीवर एक पुस्तक, भट्टीच्या हिशेबावर एक,
आणि एक नाटक, तीन अंकी, पात्रं अकरा.
कानडी कपाटाच्या खणात
हलगी, बाबू आर.
भजनांचं छोटं पुस्तक,
मलपृष्ठावर कौलांच्या कारखान्याची जाहिरात.
आणि दुसरं, पुन्हा माती,
ती किती दिवस भिजवावी याबद्दल.

जन्म इकडे चौतीस, तिकडे पस्तीस, एक जून.
एक जून म्हणजे मास्तरांनी दिलेला जन्म,
आमच्या अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस.

पडद्यावर प्रश्न : दोन्ही नोंदी एकत्र करायच्या?
खाली बारीक अक्षरात, हे मागे घेता येणार नाही.
मी तशीच बसले. चहावर साय धरली.

गावाच्या नावाला कर लागला की इकडचा,
सुटला की तिकडचा, असं समजणारे खूप.
मला विचाराल तर ती कडी आहे,
आत कोण बसलंय ते कडीला ठाऊक नसतं.
रेशन कार्डावर मी मोदगी,
दहावीच्या दाखल्यावर मोदगेकर,
आणि उधारीच्या वहीत वाचनालयवाली.

बाजाराच्या दिवशी एक बाई आल्या,
पिशवीत तूरडाळ.
"आमच्या अप्पांचं पुस्तक हाय काय, बघ की."
माहेरी शेवंता, पारिश्वाडला दिल्यावर शेवंतव्वा.
मी दोन्ही पत्रकं काउंटरवर ठेवली.
त्यांना वाचता येत नव्हतं,
कानडीही नाही, मराठीही नाही.
बोट फिरवलं नुसतं, शाईवरून.
"भजनाला बाबू, हिशेबाला बाबाजी.
भट्टी एकच होती की."
आणि जन्म?
"नदी वरल्या पायरीला लागली त्या साली.
आकडा मला नको विचारू."

मग जाता जाता म्हणाल्या,
आई तर नावच घेत नव्हती.
अहोसुद्धा नाही.
बांगड्या वाजवायची, अप्पा वळून बघायचे.

त्याला मी कितव्या आकड्याची ओळ देऊ.

नियम साधा आहे, ज्या नावावर पुस्तकं जास्त ते वर.
तीन विरुद्ध दोन.
हलगेकर शंभरात बसले, हलगी चारशेत.
उद्या कुणाच्या माळ्यावर
भजनांच्या आणखी दोन पुस्तिका निघाल्या
तर मलाच त्यांना उठवावं लागेल.
धारवाडच्या यादीत आत्ताच उलटं असेल.
असो.

प्रकाशनाचं ठिकाण मात्र
शीर्षकपानावर जसं छापलंय तसंच घ्यायचं :
एकावर बेळगाव, एकावर बेळगावी.
तिथे दुरुस्तीचा अधिकार मला नाही.
बरंच आहे ते.

शेवटी एक ओळ उरते, सहाशे सत्तर :
ही माहिती कुठून मिळाली?
सर तिथे ग्रंथाचं नाव घालायचे, पान, आवृत्ती.
मी लिहिलं, मुलगी. तोंडी. काउंटरवर.
होय दाबलं.

मग दिसलं, डाळीची पिशवी इथेच राहिलीय.
पायात चप्पल न घालता स्टँडपर्यंत पळाले.
पारिश्वाडची बस लागली होती, दाराशी गर्दी.
हाक मारायला तोंड उघडलं
आणि दोन नावं एकदम जिभेवर आली,
तेव्हा नुसतंच ओरडले, "ओ अक्का, डाळ!"

तीन बायका वळल्या.
मधली ती.